शहापूर खडेबाजारातला जुना छापखाना: कार्डं छापायला गेलो, परिचय पण तिथंच लिहून झाला

बेळगावात कार्डं छापणारे काय कमी नाहीत. गोवावेसपासून गणपत गल्लीपर्यंत कुठंही जावा, कॉम्प्युटरवर डिझाईन दाखवतात, बोट ठेवलं की अर्ध्या तासात शंभर कार्डं हातात. मी पण आत्तापर्यंत तसंच करत आलोय. पण गेल्या महिन्यात शहापूर खडेबाजारातल्या एका जुन्या छापखान्यात गेलो आणि तिथलं काम बघून गप्प बसवेना म्हणून हे लिहायलोय. नाव टाकू का म्हणून मालकांना विचारलं तर म्हणाले पत्ता सांग, नाव राहू दे, ज्याला पाहिजे तो हुडकत येतोय. म्हणून नाव नाही, पत्ता शेवटी सांगतो.

आधी माझं थोडं सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं खानापूर रोडला मच्छेजवळ मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवीन तार भरायचं, दुकान आहे, एकवीस वर्षं झाली. शेतीपंप, घरचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, उद्यमबागेतल्या छोट्या कारखान्यातलं काम, सगळं येतं. गावच्या हायस्कूलनं, म्हणजे मी जिथं दहावी झालो तिथंच, यंदा दहावीच्या मुलांसमोर धंद्याबद्दल बोलायला बोलावलं आणि सर म्हणाले तुमचा परिचय लिहून पाठवा, सूत्रसंचालनाला लागतो, दहा ओळी बस्स. त्यात कार्डं पण संपलेली. कार्डं काय होऊन जातात, पण परिचय म्हटल्यावर माझं अडलं. आपण कार्यक्रमात ऐकतो की, 'यशस्वी उद्योजक, समाजसेवेची आवड, हसतमुख व्यक्तिमत्त्व', नाव बदललं की तोच परिचय दुसऱ्या पाहुण्याला चालतो. मोबाईलवर असाच एक तयार मिळाला, त्यात माझं नाव घातलं. बायकोनं वाचला आणि म्हणाली, अहो ह्यात मोटार कुठंच नाही की.

आणि कार्डाचं म्हणाल तर मागच्या वेळचा अनुभव वाईट होता. कुठं छापली ते सांगत नाही, पण कानडी बाजूला फोन नंबरातला एक आकडा चुकला होता आणि मराठी बाजूला बरोबर होता, त्यामुळं मला कळलंच नाही. निम्मी कार्डं वाटून झाली तेव्हा बैलहोंगलकडचा एक शेतकरी गाडी करून दुकानात आला, तीन दिवस झाले फोन लावायलोय म्हणाला, तीन दिवस त्याच्या कोबीला पाणी नव्हतं. त्याचा चेहरा मी विसरलो नाही. कार्डावरचा एक आकडा चुकला तर कुणाचं तरी पीक वाळतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. म्हणून ह्या वेळी ठरवलं होतं, वेळ लागला तरी चालंल पण जो वाचून छापतो त्याच्याकडंच जायचं. वडगावचा माझा एक विणकर मित्र आहे, त्याच्या यंत्रमागाच्या मोटारी माझ्याकडं येतात, त्यानं हा छापखाना सांगितला.

दुकान म्हणजे लांबट खोली. पुढं कॉम्प्युटर, मधी कागद कापायचं मशीन, मागं ट्रेडल, म्हणजे जुनं छपाईचं मशीन. ट्रेडल आता फक्त पावती पुस्तकाला नंबर मारायला आणि पान फाडायची भोकं पाडायला वापरतात, बाकी कार्डं पत्रिका सगळं डिजिटल नाहीतर ऑफसेटवर बाहेरून करून आणतात. पण भिंतीला छपाईच्या खिळ्यांच्या केसी, म्हणजे खणांच्या पेट्या, अजून आहेत, लाकडी, एकेका खणात एकेक अक्षर, शिशाचं. काकांनी, म्हणजे मालकांनी, मला 'म' हातात दिला, उलटा. म्हणाले आम्ही जुळारी लोक, खिळे जुळवणारे, उलटं वाचायला शिकलो आधी, आणि उलटं वाचणारा माणूस घाई करत नाही, अक्षर अक्षर बघतो. काका सत्तरीचे असतील, वडिलांच्या हाताखाली कंपोझ शिकले. कॉम्प्युटरवर एक अक्का असतात, सौंदत्तीकडच्या, मातृभाषा कानडी, पण मराठी माझ्यापेक्षा शुद्ध टाईप करतात. ह्रस्व दीर्घ त्यांनाच विचारावं.

मी सांगितलं कार्डं पाहिजेत आणि एक परिचय टाईप करून पाहिजे. मोबाईल पुढं केला. काकांनी चष्मा वर सरकवून सगळा वाचला, शेवटपर्यंत वाचला हे विशेष, आणि मोबाईल परत दिला.

"हा छापतो की मी, पैसे घेऊन छापतो. पण हा तुझा न्हवं. काल दिवसभर काय केलास ते सांग."

"काल म्हणजे?"

"काल. बुधवारी. दुकान उघडलास तिथनं."

मला वाटलं सहज विचारायलेत, चहा सांगितलाय तोपर्यंत. पण त्यांनी वही उघडली आणि पेन्सिल घेतली. मग मी सांगायला लागलो. सकाळी आठला दुकान उघडलं, पहिल्यांदा एक आजी रिक्षात घरचा अर्ध्या एचपीचा पंप घालून आली, दुसरीकडं कुणीतरी जळलाय म्हणून सांगितलेलं, रिवाइंडिंगचा खर्च ऐकून बिचारी घाबरलेली. मी सिरीज लॅम्प, म्हणजे तपासायचा बल्ब, लावून बघितलं तर वाइंडिंग चांगलं. मोटार नुसती घूं घूं करायची आणि फिरायची नाही, हातानं पंखा ढकलला की सुटायची, म्हणजे कॅपॅसिटर गेलेला. नवीन टाकला, दीडशे रुपये घेतले, चालू करून दाखवला, आजी त्याच रिक्षात बसून गेली.

"पुढं?"

पुढं किणयेहून एक पाच एचपीची मोनोब्लॉक, म्हणजे पंप आणि मोटार एकत्र असलेली, आली, ती मात्र खरंच जळलेली. थ्री फेजमधली एक फेज गेली आणि अशा वेळी मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर नसला की मोटार उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते, करंट वाढतो, तापते आणि जळते, शेतीपंपाच्या बऱ्याच मोटारी ह्याच्यानंच जातात. शेतात थ्री फेज ठराविक तासच असते, कधी रात्रीची, शेतकरी ऑटो स्टार्टर लावून झोपतो, सकाळी जाऊन बघतो तर वास. तर ती उघडली, कॉइल काढल्या, तार तोलली, तीन किलो दोनशे ग्रॅम भरली, पिशवीत घालून शेतकऱ्याच्या हातात दिली आणि—

"थांब," काका म्हणाले. "तार परत देतोस?"

"देतो की. त्याचीच आहे ती."

"सगळे देतात?"

आता हे इथं थोडं सांगायला पाहिजे. आमच्या धंद्यात जुनी तांब्याची तार बरेच जण ठेवून घेतात, आणि त्यात वाईट असं काय नाही, रेट सांगतानाच जुनी तार धरून कमी रेट सांगितलेला असतो, पण तो हिशोब गिऱ्हाइकाला सांगायला पाहिजे की नको? तांब्याचा भाव आज काय आहे बघा. तीन किलो तार म्हणजे शेतकऱ्याला लहान रक्कम न्हवं. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उद्यमबागेतले उस्ताद समोर तोलायचे, वजन पावतीवर लिहायचे, आणि ठेवून घ्यायची असेल तर त्याचे पैसे बिलातनं वजा करून दाखवायचे. मी ते बघत शिकलो म्हणून तसंच करतो. काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि वहीत दोन ओळी लिहिल्या.

मग दुपारचं सांगितलं. दुकानात दोन पोरं शिकायला आहेत, एक आयटीआय करून आलेला, एक दहावी नापास. दोघांनाही काल स्लॉटमधी, म्हणजे मोटारीतल्या कॉइलच्या खाचांत, पेपर घालायला शिकवायलो होतो, कारण इन्सुलेशन पेपर जरा जरी दुमडला तरी कॉइल बॉडीला लागते. संध्याकाळी देवळात बैठक होती, गावच्या विहिरीची, ह्या रविवारी कुठली उपसायची ते ठरवायला.

काका म्हणाले, "ह्यातलं एक पण तुझ्या त्या मोबाईलवरच्या परिचयात का न्हाई?"

मी म्हटलं काका हे काय सांगायचं, हे रोजचंच आहे.

तर काका उठले, आतनं एक फोटो आणला, जुन्या बेळगावचा, १९२४ चा. डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन इथं झालं ते तुम्हाला माहीतच आहे, गांधीजी अध्यक्ष होते, आणि आयुष्यात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते तेवढ्या एकाच अधिवेशनात. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्याच वेळची, एवढ्या लोकांना पाणी पाहिजे म्हणून खणलेली. काका म्हणाले, ह्याच्या दोन वर्षं आधी, १९२२ ला, अहमदाबादेत त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, कोर्टात धंदा विचारला, तर विलायतेला जाऊन बॅरिस्टर झालेल्या माणसानं काय सांगितलं? शेतकरी आणि विणकर. "शहापुरात बसून सांगतोय तुला, आमच्या गल्लीत विणकर म्हणजे काय ते आम्हाला कळतं. त्यांना काय पदव्या कमी होत्या काय? पण हातानं जे करत होते ते सांगितले. तू मोटारी बांधतोस तर मोटारी बांधतो म्हण की. उद्योजक कशाला म्हणतोस."

खरं सांगतो, मला ते लागलं. वाईट अर्थानं नाही. एकवीस वर्षं मी पाटीवर, कार्डावर, लग्नपत्रिकेत नाव आलं तर तिथं सुद्धा कायतरी मोठा शब्द शोधत होतो आणि जे काम मी अभिमानानं करतो ते लिहायची मला कुणी परवानगी दिली नाही असं वाटत होतं.

मग विहिरीचं निघालं. ह्याच्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण माझ्यासाठी हे दुकानाइतकंच महत्त्वाचं आहे. आमच्याकडं खानापूर पट्ट्यात पाऊस बक्कळ, मलप्रभा आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगवते, तरी एप्रिल मे मधी गावात टँकर यायचा. आणि गावात जुन्या विहिरी पाच, पाचही गाळानं भरलेल्या, एकीत तर लोक निर्माल्य आणि मोडक्या मूर्ती टाकायचे. आम्ही काही जण, मोजून चौदा, रविवारी एकेक उपसायला लागलो. पंप माझा, डिझेल गावाचं, कप्पी दोर एका गवंड्याचा. आता तीन विहिरी पिण्यालायक नाही तरी वापरायच्या झाल्यात, गुरांना, धुण्याला, भाजीला.

आणि विहीर साफ करायची म्हणून कुणीही उतरतं, ह्याची मला लई भीती वाटते. बंद पडलेल्या विहिरीत श्वास घेण्यासारखी हवा नसू शकते. कंदील दोराला बांधून खाली सोडायचा, विझला तर कुणीही उतरायचं नाही. पण कंदील जळत राहिला म्हणजे सगळं ठीक असं पण नाही, विषारी वायू असेल तर कंदील सांगत नाही, म्हणून आम्ही आधी ब्लोअर लावून तासभर हवा सोडतो, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर दोन माणसं दोर धरून, आणि खालच्या माणसाशी सतत बोलत राहायचं. डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीत उतरवायचं नाही म्हणजे नाही, त्याच्या धुरानं माणूस मरतो, कळत पण नाही. आणि एक जण खाली पडला तर त्याला काढायला दुसऱ्यानं उडी मारायची नाही, दोरानं ओढायचं. वर्तमानपत्रात दरवर्षी एकाच विहिरीत दोघं तिघं गेल्याची बातमी येते ती ह्याच्यामुळंच. काका हे पण लिहून घेत होते, मी म्हटलं हे परिचयात कुठं बसणार, म्हणाले बसंल, बघू.

आता काकांची एक सवय सांगतो, ती मला सगळ्यात आवडली. ऑगस्ट २०१९ ला आपल्या जिल्ह्यात पूर आला तेव्हा नदीकाठचे पंप बुडाले होते. सबमर्सिबल पाण्यातच असते, तिला त्याचं काय नाही, बुडतात ते मोनोब्लॉक आणि स्टार्टर. तसल्या मोटारी लगेच चालू केल्या की जळतात. खोलून चांगल्या पाण्यानं धुवायच्या, गाळ काढायचा, मग आत दोनशे वॉटचा बल्ब लावून पेटीत दोन दोन दिवस सुकवायच्या, बेअरिंग बदलायच्या, आणि मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर, इन्सुलेशन बरोबर दाखवल्याशिवाय लाईनला जोडायच्या नाहीत. आम्ही तेव्हा दुकानात आणि बाहेर मंडपात रात्रंदिवस हेच केलं, मजुरी घेतली नाही, बेअरिंगचे तेवढे घेतले. मी काकांना सांगितलं, शंभरभर मोटारी केल्या असतील.

"वही आहे?"

"आहे की घरात."

"आण. मग लिहितो."

दुसऱ्या दिवशी वही नेली. मोजल्या तर त्रेसष्ट निघाल्या. डोक्यात शंभर होत्या, कारण ते दिवसच तसे होते. काकांनी ६३ लिहिलं. शंभर न्हवं, 'शेकडो' न्हवं, 'असंख्य' तर न्हवंच. म्हणाले त्या त्रेसष्टांतला एक जण जरी कार्यक्रमाला बसला असला तरी त्याला हा आकडा आपला वाटला पाहिजे.

शेवटी परिचय असा झाला, जसाच्या तसा देतो: "गेली २१ वर्षं मोटारी आणि पंप दुरुस्त करतात. हे काम उद्यमबागेत उस्तादांच्या हाताखाली शिकले. मोटार जळली आहे का, ते गिऱ्हाइकासमोर तपासतात, आणि जळली असेल तर जुनी तार तोलून परत देतात. २०१९ च्या पुरात बुडालेल्या ६३ मोटारी मजुरी न घेता सुकवून दिल्या. त्यांच्याकडं शिकलेली सहा मुलं आज स्वतःची दुकानं चालवतात. रविवारी गावच्या १३ जणांबरोबर विहिरी उपसतात, आणि विहिरीत जीव न गमावता कसं उतरायचं हे विचारणाऱ्या कुणालाही शिकवतात."

उस्तादांची ओळ मी मागून घातली. आणि '१३ जणांबरोबर' हे पण मीच सांगितलं, कारण आधी 'विहिरी उपसतात' एवढंच होतं आणि ते एकट्यानं केल्यासारखं वाचायला यायचं. काकांनी दोन्ही लगेच मान्य केलं. 'समाजसेवक' हा शब्द मात्र त्यांनी घालू दिला नाही आणि मी पण आग्रह केला नाही.

आता कार्डाकडं येतो. मी चकचकीत लॅमिनेशन, सोनेरी अक्षर, मोटारीचा फोटो असं डोक्यात घेऊन गेलो होतो. काकांनी विचारलं कार्ड दिल्यावर गिऱ्हाईक काय करतो. मी म्हटलं स्टार्टरच्या पेटीत खोचून ठेवतो. मग लॅमिनेशन कशाला, म्हणाले, त्याच्यावर पेन चालत नाही, तुला तर लिहायला जागा पाहिजे. आणि खरंच, आम्ही एचपी, तारेचा गेज (जाडी), टर्न (वेढे), तारीख हे सगळं कुठल्या तरी चिठ्ठीवर लिहून देतो आणि ती चिठ्ठी हरवते, पुढच्या वेळी पुन्हा सगळं मोजत बसायचं. म्हणून घडीचं कार्ड केलं. बाहेर एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी, आणि घडी उघडली की आत रेघा मारलेल्या, तारीख, एचपी, काय केलं, जुनी तार किती निघाली, नवीन किती पडली. कागद जाड, कोटिंग नसलेला, बॉलपेन मस्त चालतं. तेलकट हात लागले की डाग पडतो हे खरं, पण माझ्या गिऱ्हाइकाला त्याचं काय वाटत नाही.

कानडी बाजूबद्दल अक्कांचे मनापासून आभार. मी मराठी मजकूर दिला आणि म्हटलं ह्याचंच कानडी करा. त्या म्हणाल्या अण्णा, तुमच्याकडं येणारा कानडी शेतकरी आल्या आल्या काय बोलतो? मी म्हटलं 'मोटार सुट्टैती' म्हणतो, म्हणजे मोटार जळलीय. मग तेच वर मोठ्या अक्षरात घ्या म्हणाल्या, शुद्ध कानडी शब्द घातला तर तो वाचंल पण थांबणार नाही. खाली 'हळे ताम्र वापस', जुनं तांबं परत. त्यात माझ्या आडनावाचं पण त्यांनीच पकडलं. आपण मराठीत शेवटचं अक्षर अर्धवट उच्चारतो, लिहितो 'राम' आणि म्हणतो राम्, पण कानडीत लिहिलंय तसं पूर्ण वाचतात, त्यामुळं शेवटच्या अक्षराचा पाय मोडला नाही तर रामचा रामा होतो. मागच्या कार्डावर माझं आडनाव वर्षानुवर्षं असंच लांबवलेलं होतं आणि बैलहोंगल भागातले लोक मला त्याच नावानं हाक मारायचे, मला वाटायचं त्यांची बोलायची पद्धत असंल.

भाषेवरनं आपल्याकडं काय काय झालंय ते मी सांगायला नको, १९५६ पासून आपण सगळे त्यातच वाढलो, घराघरात कुणी ना कुणी त्यासाठी झिजलंय, आणि मराठीत बोर्ड, मराठीत कागद मिळायला पाहिजे ह्या मताचा मी आहे आणि राहणार. २०२४ पासून दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कानडी पाहिजे असा कायदा आलाय, ती पाटी मी केली. पण कार्डावर कानडी मी कुठल्या कायद्यानं घातली नाही, मोटार जळलेल्या माणसाला वाचता आलं पाहिजे म्हणून घातली. आणि मराठी पहिल्या बाजूला आहे, माझ्या आईला वाचता येते म्हणून. अक्का आणि काका एकाच खोलीत बसून दोन्ही बाजू तेवढ्याच काळजीनं बघतात, अक्का मराठीचं प्रूफ वाचतात आणि काका कानडीचं, मुद्दाम उलटं, म्हणजे चूक डोळ्याला लागते म्हणे.

प्रूफ वाचायची पद्धत तर बघण्यासारखी. फोन नंबर काका मागनं पुढं वाचतात, एकेक आकडा, मी माझ्या मोबाईलवर बघून होय म्हणायचं. मग त्या नंबरला तिथंच बसून फोन लावला, माझा फोन वाजला, तेव्हा प्रूफवर माझी सही घेतली. बैलहोंगलच्या त्या शेतकऱ्याची आठवण झाली मला तेव्हा.

आता जे आवडलं नाही ते पण सांगतो, एकतर्फी नको. वेळ फार लागतो. कार्डांना नऊ दिवस लागले, दोनदा प्रूफला जावं लागलं, व्हॉट्सॲपवर प्रूफ पाठवत नाहीत, स्क्रीनवर चूक दिसत नाही कागदावरच दिसते म्हणतात. असंल खरं, पण मला मच्छेहून दुकान पोरांवर सोडून यावं लागतं, खानापूर, चंदगड, निपाणीहून येणाऱ्यानं काय करायचं? निदान दुसरं प्रूफ तरी फोटो काढून पाठवावं. निळा रंग मी निवडलेला त्यापेक्षा काळपट आला, स्क्रीनवरचा आणि छापलेला रंग वेगळा येतो हे मान्य, पण आधी एक नमुना काढून दाखवला असता तर बरं झालं असतं. मी बोललो तसं, काकांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी नमुना काढतो म्हणाले. लग्नाच्या दिवसात तर जाऊच नका, पत्रिकांची इतकी गर्दी असते की कार्डाला हात लागत नाही. आणि ज्यांना आजच्या आज शंभर कार्डं पाहिजेत त्यांनी दुसरीकडं जावं, मी पण अडीनडीला जातो.

पैसे: घडीची ५०० कार्डं, दोन्ही भाषा, आतल्या रेघांसकट मला १९०० पडले. साधी कार्डं ह्याच्यापेक्षा बरीच स्वस्तात होतात. परिचय लिहून द्यायचे पन्नास रुपये घेतले. दोन दिवस माझ्याशी बोलून, वही तपासून, पन्नास रुपये. मी जास्त देत होतो, घेतले नाहीत. फोनपे चालतं.

शाळेतला कार्यक्रम झाला. सरांनी परिचय वाचला, पहिल्यांदाच असं झालं की परिचय वाचताना मला खाली बघावंसं वाटलं नाही. ६३ मोटारी म्हटल्यावर मागच्या रांगेतनं एक पालक, मुलीला सोडायला आलेले, उठून म्हणाले त्यातली एक आमची होती, अजून चालते. मी त्यांना ओळखलं नाही, घरी येऊन वही बघितली तर होतं नाव, तीन एचपी, बेअरिंग दोन. माझ्या भाषणात मी फार काय सांगितलं नाही, एक जळलेली आणि एक चांगली कॉइल नेली होती, ती मुलांच्या हातात फिरवली, वास घ्यायला लावला, जळलेल्या वार्निशचा वास एकदा नाकात बसला की आयुष्यभर विसरत नाही. एका मुलीनं विचारलं, जुनी तार परत देता तर तुम्हाला काय उरतं. मी फळ्यावर सगळा हिशोब मांडून दाखवला, नवीन तार किती, पेपर, वार्निश, मजुरी, लाईट बिल, आणि किती उरतं तो आकडा पण लिहिला. सरांनी तो फळा दुसऱ्या दिवसापर्यंत पुसला नाही म्हणे.

कार्डाचा फायदा पण दिसायलाय. परवा सौंदत्तीकडच्या एकानं घडीचं कार्ड उघडून आतलं वजन वाचलं आणि माझ्या वजनकाट्यावर स्वतः तार ठेवून बघितली. मला बरं वाटलं, त्यासाठीच छापलंय ते.

कुणी महिला मंडळाच्या, बचत गटाच्या, भजनी मंडळाच्या असाल, किंवा नोकरीला, निवडणुकीला, सत्काराला परिचय लागणार असंल तर इथं जावा असं माझं म्हणणं आहे. तिथं असताना एक आशा कार्यकर्त्या आलेल्या, पुरस्कारासाठी माहिती लिहून पाहिजे होती, त्यांना पण काकांनी तोच प्रश्न विचारला, काल काय केलीस, आणि त्या बोलायला लागल्या तर थांबेचनात, काकांची पेन्सिल दोनदा तासून झाली.

पत्ता: शहापूर खडेबाजार, नाथ पै सर्कलकडनं आत यायला लागलात की डाव्या हाताला, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून. पाटी लहान आहे, बाहेर कागदाच्या कातरणाची पोती दिसली की तेच. सकाळी दहा ते एक काका नक्की असतात, दुपारी जेवायला घरी जातात, अक्का पाचपर्यंत. गाडी सर्कलकडंच लावा आणि चालत या, गल्लीत जागा नसते. आकडे सांगायचे असतील तर वही सोबत आणा.